पायाचं माप

राजूरच्या गणपतीच्या रस्त्यावर दैवशालाच्या सायकलीची चैन उतरली, ती नेमकी एका सायकल दुकानासमोर. आतला उंच मुलगा न बोलावताच पाना घेऊन बाहेर आला. तिच्या मनात पाल चुकचुकली. इतकं तत्पर कोण असतं आजकाल?

चैन बसवता बसवता त्यानं एकदाच वर पाहिलं. "गुडघे दुखत असतील तुमचे."

याला कसं कळलं? खरंच दुखत होते. दोन महिन्यांपूर्वी ती केदारखेड्याच्या डाकघरात लागली होती, आणि वस्त्यांवर टपाल न्यायला वडिलांची जुनी, दांड्याची सायकल होती. पोतं वाहील तीच टिकाऊ सायकल, असं वडिलांचं म्हणणं. ती थांबवायची म्हणजे दैवशालाला दर वेळी खाली उडी मारावी लागे.

मुलाचं नाव कल्याण. वस्त्यांवर टपाल न्यायला नवी सायकल हवी म्हणत तिनं चकचकीत गिअरच्या सायकलीकडे बोट दाखवलं, तर तो नको म्हणाला. तिचे बारीक टायर वस्तीच्या दगडगोट्यांत टिकायचे नाहीत. त्यापेक्षा ही साधी, बुटक्या सांगाड्याची आणि जाड टायरची घ्या. महागडी सोडून स्वस्त विकणारा दुकानदार! दैवशालाचा संशय आणखी बळावला.

"पण आधी पायाचं माप घ्यावं लागंल," तो म्हणाला.

"मला सायकल घ्यायची का ड्रेस शिवायचा?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं आईला हाक मारली.

सोनूबाईंनी तिला मागच्या घरात नेलं, भिंतीला टेकून उभं केलं, पायांमध्ये एक जाड पुस्तक धरायला लावलं आणि भिंतीवर पेन्सिलीची खूण केली. टेपनं पाय मोजला, मग हात, आणि मापं दुकानाच्या वहीत लिहिली. इथवर ठीक होतं. पण मग चहा आला. भाऊ किती, नोकरी पक्की का, स्वयंपाक येतो का... आणि दैवशालाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा तर पाहण्याचा कार्यक्रम! वर्षभरात तीन ठिकाणांहून निरोप आला होता, मुलगी छान आहे, पण बुटकी. आणि आता ही माणसं चक्क टेप घेऊन बसली होती. तेही तिला न विचारता.

चहा तसाच ठेवून ती निघाली.

पुढचे चार दिवस ती रागानं पायडल मारत होती. त्यात कल्याणची ती एकच नजर आठवायची, आणि राग दुप्पट व्हायचा. पाचव्या दिवशी ती सोक्षमोक्ष लावायला दुकानात हजर झाली.

"खरं सांगा. माप सायकलीसाठी घेतलं, का तुमच्यासाठी?"

"सायकलीसाठीच. चहाचं आईनं परस्पर केलं... मी सांगितलं न्हवतं."

"वही दाखवा."

त्यानं मुकाट्यानं वही पुढे केली. तिचं नाव, गाव, पाय, हात. तिनं पान दोनदा वाचलं.

"उंची कुठंय?"

"उंची कशाला? सायकल पायाच्या मापानं घेत्यात. उंचीचं काय काम?"

दैवशालाला एकदम भरून आलं. हे असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

"आणि तुमच्या मनात काय हाय?" तिनं हळूच विचारलं.

कल्याण पान्याशी चाळा करत राहिला. "मला... त्या दिवशी चैन बसवतानीच तुम्ही आवडल्या. पण गिऱ्हाईकाला असं कसं सांगावं?"

त्यानं नवी सायकल पुढे घेतली. सीट खाली आणि हँडल जवळ आणून ठेवलेलं होतं. ती बसली. पायडल खाली गेलं तरी गुडघा जरासा वाकलेलाच राहत होता, आणि कंबरेला ताण नव्हता.

"रविवारी आईला घेऊन घरी या," ती म्हणाली. "पण ह्या टायमाला बघणार मी. मला तीन घरच्यांनी चालून दाखव म्हणलं व्हतं. आता तुम्ही दाखवा."

"इथं?"

"इथंच."

कल्याणनं पाना ठेवला. दुकानाच्या पायरीपासून समोरच्या हारवाल्यापर्यंत, भर गर्दीत, मान खाली घालून तो चालत गेला आणि परत आला. हारवाला बघतच राहिला.

"पसंत हाय का?" त्यानं विचारलं.

"घरी जाऊन कळवते," दैवशाला म्हणाली आणि नव्या सायकलीवरून निघाली.

पण वळणापर्यंतही तिला दम निघाला नाही. तिनं ब्रेक दाबला. पाय सहज जमिनीला टेकले. तिनं मागे वळून पाहिलं आणि मान डोलावली.