बिनवासाचा साबण

"जुनाच हवा," ती म्हणाली.

"जुना संपला. हा नवा त्याच्यापेक्षा चांगला आहे," काउंटरमागचा तरुण म्हणाला आणि त्याने वडी थेट तिच्या नाकाजवळ आणली. "वास तर घेऊन बघा."

ती एक पाऊल मागे सरली. दिवसभर पुस्तकं शिवून बोटं आखडली होती, नखांत खळ वाळली होती, बाहेर बारीक पाऊस लागला होता आणि छत्री बाइंडिंगच्या कारखान्यातच राहिली होती. अशा वेळी साबणाचा वास घ्यायला सांगणाऱ्या माणसाचं काय करावं, हे तिला कळेना.

"मला वास नको. इतकी वर्षं इथे मिळत होता तो साधा, पांढरा, बिनवासाचा हवाय."

"तो बाबा करायचे. ते आता थकले. म्हटलं, आपण जरा सुधारणा करू."

"कुणी सांगितली होती?"

"सुधारणा करायला कुणी सांगत नसतं..." तो जरा हिरमुसला. मग पुन्हा उमेदीने म्हणाला, "खरं सांगू? बिनवासाचा साबण म्हणजे प्रत्येक गोष्टीला नुसतं 'हं' म्हणणारा नवरा. कामाचा असतो, पण जीव रमत नाही."

"तसला मिळाला तर मी देवाचे आभार मानीन. वडी आहे की नाही?"

तो आत गेला. बराच वेळ डबे सरकवल्याचे आवाज आले. बाहेर आला तेव्हा त्याच्या केसांत कोळ्याची जळमटं होती आणि हातात कोपरा तुटलेली एक पांढरी वडी.

"शेवटची," तो म्हणाला. "पण एवढा हट्ट कशासाठी, ते कळलं असतं तर..."

"कळून काय करणार?"

"सुधारणा मागे घेईन."

हे उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. म्हणूनच असेल, दारातून परत वळून तिने त्याला सगळं सांगितलं. एरवी ती कुणाला सांगत नसे.

कारखान्यात तिला सगळे टाचणी म्हणत. बांध्यावरून म्हणतो, असं मालक सांगायचे. जिभेवरून म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. कटिंग मशीनवर तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. पुस्तकांच्या थप्पीच्या तिन्ही कडा ती अशा कापायची की बोट फिरवलं तर काचेवरून फिरल्यासारखं वाटे. पण तिला आकडी येत असे, आणि एकदा ती मशीनच्या पात्यासमोर असतानाच आकडी आली. हात वाचला. मशीन गेलं. मालकांनी तिला शिवणाच्या टेबलावर बसवलं आणि म्हणाले, "पावसाळा संपेपर्यंत एकही आकडी आली नाही, तर मशीन तुझं."

डॉक्टरीणबाईंनी नवी गोळी सुरू केली होती. अगदी थोडी, मग हळूहळू वाढवत. गोळी लागू पडत होती. पण पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "या गोळीने काहींच्या अंगावर पुरळ येतं. बहुतेक वेळा साधं असतं, क्वचित फार वाईट असतं, आणि सुरुवातीला दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून पुरळ दिसलं की त्याच दिवशी मला फोन. उद्या बघू, असं नाही. आणि हे पहिले महिने अंगाला नवं काही लावायचं नाही. साबण, क्रीम, अत्तर, काही नाही. पुरळ आलंच तर संशय एकावरच गेला पाहिजे."

हे सगळं ऐकून साबणवाला गंभीर झाला. "म्हणजे माझा साबण तुमच्या मशीनच्या आड येतोय."

"सगळेच येतात. तुमचा आजचा नंबर."

त्याने खरोखरच सुधारणा मागे घेतली. वडिलांना विचारून जुन्या साबणाचा नवा घाणा घातला. साबण मुरायला वेळ लागतो, म्हणून "झाला का?" विचारायला ती कामावरून परतताना दुकानात डोकवायची, आणि तो "अजून नाही" म्हणून स्टूल पुढे करायचा. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. एकदा लोकरीची मऊ शाल घेऊन आला.

"नवी आहे," ती म्हणाली.

"दोनदा धुतली आहे."

"कशात?"

तो विचारात पडला. "...आमच्याच साबणात."

"कुठल्या?"

"सुधारलेल्या."

शाल परत गेली. मग हाताला लावायचं मलम आलं, ते परत गेलं. कसल्याशा वाळल्या फुलांचा चहा आला, तोही. तिचा जीव मेटाकुटीला आला. "तुम्हाला 'नवं नको' यातला कुठला शब्द अवघड जातो?" तिने विचारलं.

"दोन्ही," तो म्हणाला. आणि असा काही हसला की तिला उगाचच छत्री झटकावी लागली... त्या दिवशी पाऊस नव्हता.

एका संध्याकाळी तो संत्रं सोलत होता. सालीचा तो आंबटगोड फवारा हवेत उडाला आणि तिने नकळत डोळे मिटले. "हा एक वास मात्र आवडतो मला," ती म्हणाली. त्याने मान वर केली, काही बोलला नाही. तिला तेव्हाच संशय यायला हवा होता. तो गप्प बसला म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं तरी तिला एव्हाना कळत होतं.

वड्या तयार झाल्या. पांढऱ्या, नेमक्या चौकोनी. तिने एक उलटीसुलटी करून पाहिली.

"वास नाही ना?"

"येतोय का तुम्हाला?"

"खळीत राहून माझं नाक मेलंय. पुसटसा वास मला काय येणार?"

"मग झालं तर," तो म्हणाला आणि कागदात गुंडाळू लागला.

पुरळ तिला दिसलं ते कारखान्यातल्या मोरीवरच्या आरशात. गळ्याच्या खोबणीत लालसर ठिपके, कॉलरच्या आत उतरत गेलेले. तिने कॉलरचं वरचं बटण लावलं. पाऊस सरत आला होता. सकाळीच मालकांनी मशीनच्या पात्याला धार लावून आणली होती आणि तिच्याकडे बघून नुसते हसले होते. अजून थोडेच दिवस... डास चावले असतील. शिवाय मावशी होती ना. रोज रात्री मावशी तिची पाठ दिव्याखाली बघायची आणि म्हणायची, "काही नाही गं, लख्ख आहे." पाठ लख्ख आहे, तर मग गळ्याचं काय एवढं?

ती दुकानात गेली ती रोजच्या सवयीने. साबणवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "एवढ्या उकाड्यात वरचं बटण?"

"माझं बटण, माझी मर्जी."

"मान वळवताना तोंड वाकडं होतंय तुमचं. बघू."

"काही बघायचं नाही."

पण त्याला दिसलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, अगदी त्याच्या वड्यांसारखा.

"ते माझ्यामुळे आहे," तो म्हणाला.

"काय तुमच्यामुळे?"

"साबणात संत्र्याच्या सालीचं तेल घातलं मी. थेंबभर. म्हणजे चार थेंब. पूर्ण घाण्यात, तुमच्या एकट्या वडीत नाही... तुम्ही डोळे मिटले होते ना, त्या दिवशी. मला वाटलं, एवढंसं तेल काय करणार आहे, आणि हात धुताना कधीतरी पुसटसा वास येईल, आणि..."

"आणि काय?"

"आणि तुम्ही पुन्हा डोळे मिटाल."

तिने संतापून काउंटरवर हात आपटला. "अरे, तुला अक्कल आहे की नाही? एक साबण मागितला होता. एक. ज्यात काहीही नाही असा. जगातला सगळ्यात सोपा साबण. आणि तू त्यातही..."

तिने त्याला 'तू' म्हटलं, हे दोघांच्याही एकदम लक्षात आलं. ती स्टुलावर बसली. आणि संताप ओसरता ओसरता त्याच्या खालून हळूच काहीतरी वर आलं... सुटका. साबण होता तर. गोळी नव्हे. म्हणजे गोळी बंद होणार नव्हती, मशीन कुठे जात नव्हतं.

"म्हणजे काळजी नाही," ती म्हणाली. "वडी फेकून देते. दोन दिवसांत जाईल."

"फोन कर डॉक्टरांना."

"कशाला? चोर सापडला ना."

"मी चोर आहे असं मी म्हणतोय. मला काय कळतं पुरळातलं? त्याच दिवशी फोन, असं तूच सांगितलंस."

"मी सांगितलेलं तू आजच ऐकायला लागलास?"

"हो," तो म्हणाला आणि दुकानाचं शटर ओढू लागला. गिऱ्हाईक आत होतं. त्यालाही बाहेर काढलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ताप बघितला. तोंड उघडायला लावलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, मानेतल्या गाठी चाचपल्या. साबणवाला पडद्याबाहेर उभा राहून आपला गुन्हा सांगत होता, तेलाच्या थेंबांसकट. मग बाईंनी तिला पाठ फिरवायला सांगितली, आणि दिवा जवळ ओढला.

"पाठ रोज कोण बघतं तुझी?"

"मावशी."

"मावशीची नजर कशी आहे?"

"मोतीबिंदू आहे. ऑपरेशनला घाबरते."

"आणि तिच्याकडून तू पुरळ बघून घेतेस."

ती हळूच म्हणाली, "ती 'काही नाही' म्हणायची. ऐकायला बरं वाटायचं."

"पाठभर आहे. तीन-चार दिवसांचं असेल. तिथूनच गळ्यावर आलंय. साबण कुठे लावतेस?"

"हाताला. अंगाला घरातलीच जुनी वडी आहे अजून."

"हात दाखव. बघ, एक ठिपका नाही. साबणाचं असतं तर आधी इथे आलं असतं. गोळीचंच आहे हे."

"पण डॉक्टर," पडद्याबाहेरून आवाज आला, "चार थेंब होते. थोडं तरी साबणाचं असेल की."

"नाही."

"एकदा नीट बघा ना. गळ्याचं तरी माझं असेल."

"अहो, तुम्ही सुटलात. लोक सुटल्यावर घरी जातात." बाईंनी पडदा बाजूला केला. "तेल घालणं हा गाढवपणाच होता. पण सांगितलंत, म्हणून मला अंधारात चाचपडावं लागलं नाही." मग त्या तिच्याकडे वळल्या. "ताप नाही, तोंडात फोड नाहीत, डोळे स्वच्छ आहेत. वेळेत आलीस. ही गोळी आजपासून बंद. आकडी येऊ नये म्हणून मधल्या दिवसांपुरती दुसरी देते. पुढच्या आठवड्यात नवं औषध, पुन्हा थोड्यापासून. दरम्यान ताप आला, तोंड आलं, कातडीवर फोड उठले किंवा डोळे लाल झाले, तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल. परवा मला दाखवायला ये."

"आणि मशीन?"

"नवं औषध किती लागू पडतं ते बघू. तोवर नाही."

बाहेरच्या बाकावर ती बसली. तो जरा अंतर ठेवून बसला. समोर कंपाउंडर पुड्या बांधत होता. कटिंगचं मशीन, धार लावलेलं पातं, मालकांचं हसू, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिने नाक ओढलं.

"बोल काहीतरी," ती म्हणाली. "एरवी तोंड बंद नसतं."

"माझा साबण असता तर बरं झालं असतं."

"हो ना. जन्मात एक चूक कामाला येण्यासारखी केलीस, तीही निर्दोष निघाली." ती हसली, आणि हसता हसताच डोळे भरून आले. त्याने खिशातून रुमाल काढला, मग रुमालाकडे बघून तो परत खिशात घातला.

"नवा आहे?"

"नाही. पण सुधारलेल्या साबणात धुतलेला."

तिने आपल्या ओढणीने डोळे पुसले. खूप वेळ दोघं पुड्या बांधणाऱ्या कंपाउंडरकडे बघत राहिले, जणू त्या पुड्या त्यांनाच बांधायच्या होत्या.

"डॉक्टरीणबाईंनी शेवटी काय सांगितलं, ते तू ऐकलं नाहीस," ती म्हणाली. "तू पावतीला गेला होतास तेव्हा. पुढच्या खेपेला पाठ बघायला धड डोळ्यांचं माणूस हवं म्हणे."

"माझे डोळे चांगले आहेत," तो पटकन म्हणाला. मग काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं..."

"मी परक्या माणसाला पाठ दाखवत नाही."

"नाही नाही. बरोबरच आहे."

तिने कपाळाला हात लावला. या माणसाला साबण सोपा करून सांगावा लागतो, पुरळ सोपं करून सांगावं लागतं, आणि आता हेही.

"परकंच राहिलं पाहिजे असं कुठे म्हटलंय मी?"

तो तिच्याकडे वळला. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "मी बाबांना... म्हणजे तुझ्या मावशीला आधी... की तूच..."

"नवी गोळी पुढच्या आठवड्यात सुरू होतेय," ती उठत म्हणाली. "तेव्हा फार विचार करत बसू नकोस."