गारटोल्याच्या खांबातले सोने

गारटोल्याच्या खाणीत, जमिनीखाली जवळजवळ तीन किलोमीटर खोल, खडक कोरून केलेल्या प्रयोगशाळेत डॉ. मैत्रेयी घाणेकर एकाच आलेखाकडे सकाळपासून पाहत बसली होती. वर्षभर न चुकता चढत आलेली रेषा गेल्या आठवड्यात एकाएकी आडवी झाली होती. खांबातले सोने वाढायचे थांबले होते.

दार सरकले आणि डॉ. फिरोज काझी आत आले. शिरस्त्राण काढून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. काझी या खाणीचे खडकतज्ज्ञ. कोणता खडक किती भार पेलेल हे सांगणे त्यांचे काम. इतक्या खोलवर खडक एवढा आवळलेला असतो, की कधी कधी बोगद्याची भिंत किंवा छताचा खांब काहीही पूर्वसूचना न देता फुटतो आणि दगड गोळ्यांसारखे सुटतात. अशाच एका खडकस्फोटात चार वर्षांपूर्वी नऊ माणसे गेली होती. काझींची सगळी उपकरणे त्या दिवशी गप्प होती. तेव्हापासून काझीही फारसे बोलत नसत.

"बिसेनसाहेब येताहेत," ते म्हणाले. "शुक्रवारी नागपूरला संचालकांची बैठक आहे. खालच्या पातळ्या बंद करायच्या की नाही, ते ठरणार."

"आणि मी त्यांना ही आडवी रेघ दाखवणार," मैत्रेयी म्हणाली.

काझी खुर्ची ओढून बसले. "मला पुन्हा पहिल्यापासून सांग. मी दगडाचा माणूस आहे, विजेचा नाही. बाहेरच्या माणसाला कधी कधी चूक दिसते."

मैत्रेयीने संगणकाचा पडदा बाजूला केला. "गॅस पेटवायचा लायटर असतो ना, त्यात एक बारीक स्फटिक असतो. खटका दाबला की त्यावर ठोका बसतो आणि ठिणगी पडते. दाब बदलला की वीज. आपण तिला दाबवीज म्हणतो. इथल्या गारेत, या पांढऱ्या दगडात, तोच गुण आहे."

"इथपर्यंत ठाऊक आहे."

"खाणीच्या तळाच्या गरम पाण्यात सोनं विरघळलेलं आहे. अगदी नगण्य. भूकंपाचा धक्का बसला की गार आवळली जाते, वीज तयार होते आणि पाण्यातलं सोनं बाहेर पडून साचतं. दागिन्यावर मुलामा चढवतात तसंच."

"साचतं कुठे?"

"जिथे आधीच सोनं आहे तिथेच. गारेतून वीज वाहत नाही, सोन्यातून वाहते. म्हणून ती सोन्याच्या कणावर एकवटते आणि नवा कण जुन्याला चिकटतो. निसर्गाला त्यासाठी लाखो वर्षं लागली. मी कंपकांनी खांबाला सतत बारीक ठोके देते आणि ते पाणी पंपाने त्याच्या भेगांतून फिरवते. बाकी सगळं खडकच करतो."

या प्रयोगाला तिने सुवर्णरोपण असे नाव दिले होते. जगभर सहज हाती लागणारे सोने केव्हाच उपसून झाले होते. उरलेले खोल होते, आणि खोलात माणसे मरत होती. खाली उतरण्यापेक्षा आहे तिथेच सोने वाढवता आले तर खाणी पुन्हा जगतील, हा तिचा हिशेब. छताला आधार म्हणून बोगद्यात जागोजाग सोडून दिलेल्या गारेच्या खांबांपैकी एक कंपनीने तिला दिला होता. त्याच्या गारेत सोन्याचे कण विखुरलेले होतेच. भेदकिरण-चित्रकातून खांबाच्या पोटातले चित्र ती रोज पाहत आली होती. आधी ठिपके, मग ठिपक्यांना फुटलेले धुमारे, मग धुमाऱ्यांच्या फांद्या.

"पाणी कमी पडतंय?" काझींनी विचारले.

"नाही."

"कंपक?"

"चालू आहेत. दाब तोच आहे, पाणी तेच आहे, वीजही तयार होतेय. सोनं मात्र बसत नाही."

"मग वीज जाते कुठे?"

प्रश्न साधा होता. मैत्रेयीने चित्रकातले ताजे चित्र उघडले आणि खांबाच्या वरच्या टोकापासून बोट ठेवून एक फांदी धरली. ती दुसऱ्या फांदीला मिळाली होती, दुसरी तिसरीला. बोट कुठेही न उचलता ती खांबाच्या तळापर्यंत पोहोचली.

"सगळे धागे एकमेकांना जुळलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "आतापर्यंत प्रत्येक कण एकटा होता, म्हणून वीज त्याच्यावर साठायची. आता खांबाच्या पोटात सोन्याचं अखंड जाळं झालंय. वीज साठतच नाही, सरळ वाहून जाते. काझीसाहेब, यात बिघाड काहीच नाही. सोनं जेवढं वाढायचं तेवढं वाढलं. याहून जास्त ते कधीच वाढणार नाही."

खांबात जमलेले सोने खाणीचा महिन्याचा खर्चही भागवू शकत नव्हते.

व्यवस्थापक यशवंत बिसेन आले तेव्हा तिने त्यांना हेच सांगितले, काहीही न लपवता. बिसेन गोंदियाकडचे, गारटोल्यातच लहानाचे मोठे झालेले. ते चिडले नाहीत, आणि मैत्रेयीला त्याचेच जास्त वाईट वाटले.

"म्हणजे बैठकीत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. "ठीक आहे, मॅडम. तुम्ही प्रयत्न केला. कंपक बंद करा, उगाच वीज जळते."

कंपक बंद झाले. प्रयोगशाळेत इतकी शांतता पहिल्यांदाच झाली. सामान आवरण्याआधी निदान आपला निष्कर्ष तरी पक्का करावा म्हणून मैत्रेयीने खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला तारा जोडल्या आणि मध्ये वीजमापक लावला. जाळे खरोखरच अखंड असेल तर त्यातून प्रवाह मिळायला हवा. कंपक बंद असल्यामुळे आकडा शून्याजवळ असेल, हे तिने धरलेच होते.

आकडा शून्याजवळ नव्हता. तो लहान होता, पण सावकाश हलत होता. दूरच्या बोगद्यात सुरुंग उडाला तेव्हा तो उसळला आणि पुन्हा खाली आला.

काझी उठून मापकाजवळ गेले.

"आम्ही खडकाला भोकं पाडून आत उपकरणं बसवतो," ते म्हणाले. "एका खांबात चार, फार तर पाच. त्या दिवशी खांब जिथे फुटला तिथे आमचं उपकरण नव्हतं. हातभर बाजूला होतं. आणि हे तुझं जाळं खांबाच्या कणाकणात आहे. दाब बदलला की वीज, असंच म्हणालीस ना?"

"हो."

"मग हा आकडा सोन्याचा नाही. खडक आत काय सोसतोय, त्याचा आहे."

सामान आवरायचे राहून गेले. पुढचे दोन दिवस दोघे आळीपाळीने मापकासमोर बसले. प्रवाह हळूहळू चढत होता. बुधवारी दुपारी तो चढायचा थांबला आणि थरथरू लागला. वर, खाली, मध्येच क्षणभर शून्य.

"हे काय?" काझींनी विचारले.

"धागे तुटताहेत," मैत्रेयी म्हणाली. "शून्य झालं की एखादी वाट तुटली. मग प्रवाह दुसरी शोधतो. आतली गार चिरत चालली आहे."

तिने बिसेनांना फोन लावला. खाली दुपारची पाळी चालू होती. बिसेनांनी सगळे ऐकून घेतले. "मॅडम, परवा बैठक आहे. आज काम थांबवलं आणि काही झालं नाही, तर ही खाण मीच बंद पाडली असं होईल. काझीसाहेबांची उपकरणं काय म्हणतात?"

"काही नाही," काझी फोनजवळ वाकून म्हणाले. "त्या दिवशीही काही म्हणत नव्हती."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग बिसेन म्हणाले, "शेवंताशी बोला. माझा निरोप म्हणून सांगा. बाहेर काढा."

शेवंता टेकाम त्या पाळीची प्रमुख. तिच्या हाताखाली साठेक माणसे होती. मैत्रेयीने तिला खाणफोनवर गाठले.

"शेवंताताई, सगळ्यांना घेऊन वर या. आत्ताच."

"पक्कं आहे का मॅडम? अर्ध्या भोकांत सुरुंग भरून झालाय."

खोटा धीर द्यायचा मोह मैत्रेयीने आवरला. "पक्कं नाही. असा आकडा मी आधी कधी पाहिलेला नाही. पण माझा भाऊ खाली असता, तर मी त्याला बोलावलं असतं."

"बस्स, मॅडम. काढते सगळ्यांना."

लिफ्टचा पिंजरा खेपा करू लागला. मैत्रेयी आणि काझी मापकाची तार वरच्या कचेरीकडे वळवून मधल्या खेपेत वर आले. शेवटच्या खेपेत शेवंता आली. तिने डोकी मोजली आणि बिसेनांकडे पाहून मान हलवली.

मग काहीच झाले नाही. माणसे सावलीत बसली. चहा झाला. कोणीतरी घड्याळाकडे पाहून हसले. बिसेन कचेरीच्या पायरीवर हाताची घडी घालून उभे होते आणि मैत्रेयीकडे पाहायचे टाळत होते. तिच्या समोरच्या पडद्यावर आकडा तडफडत होता. एकाएकी तो शून्य झाला, आणि शून्यच राहिला.

"काझीसाहेब," एवढेच ती म्हणाली.

पायाखालची जमीन हादरली. खिडक्यांच्या काचा खडखडल्या, आणि खाणीच्या तोंडातून पांढऱ्या धुळीचा लोट बाहेर पडून उन्हात पसरला. मुख्य बोगदा दोनशे मीटर लांबीपर्यंत दगडांनी भरून गेला होता, हे नंतर कळले. शेवंता पुन्हा एकदा डोकी मोजू लागली. ती मोजत होती तसे एकेक जण आपणहून उभे राहू लागले. मोजणी पूर्ण झाली, माणसे पूर्ण भरली, आणि मग जो गलका उठला तो गारटोल्याच्या बाजारापर्यंत ऐकू गेला. काझी एका बाकावर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते. मैत्रेयी त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

शुक्रवारच्या बैठकीला बिसेन एकटे गेले नाहीत. मैत्रेयी, काझी आणि शेवंता तिघांनाही ते घेऊन गेले. सोने किती वाढले हे संचालकांनी विचारलेच नाही. आजवर जगातल्या खोल खाणी सोने संपल्यामुळे क्वचितच बंद पडल्या होत्या. त्या बंद पडल्या खडकाच्या भीतीने. ज्या खडकाच्या आत काय चालले आहे हे ऐकू येते, त्याच्याखाली आणखी खोल जाता येते. खालच्या पातळ्या बंद करण्याचा ठराव मागे घेतला गेला. वर्षभरात दूरदूरच्या खाणींमधून मैत्रेयीला बोलावणी येऊ लागली. एकेकाळी ज्यांनी सुवर्णरोपणाची खिल्ली उडवली होती, ते आता सुवर्णजाळ्याची मागणी घेऊन दारात उभे होते.

अडचण एकच होती, आणि ती मैत्रेयीने पहिल्या दिवशीच सांगून टाकली. आणखी खोलातल्या बाविसाव्या पातळीवरचे नवे खांब कोऱ्या गारेचे होते, त्यांत सोन्याचा कणही नव्हता. सोने तर सोन्यावरच बसते. शिवाय एकदा जाळे विणले गेले की त्याला हात लावायचा नाही, खाण आहे तोवर ते खांबातच राहणार.

म्हणून एका सकाळी नागपूरच्या सराफ्यातून पहाऱ्यातली एक गाडी गारटोल्याला आली. खाणीच्या जन्मापासून अशा गाड्या रिकाम्या येत आणि भरून जात. ही भरलेली आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला काही उमगेना, तो दोनदा कागद पाहून बिसेनांना विचारायला गेला. शेवंताने पेटी स्वतः उचलली. आत सोन्याची वस्त्रगाळ भुकटी होती, खांबांच्या भेगांत पेरण्यासाठी.

पिंजऱ्यात मैत्रेयी आणि काझी आधीच उभे होते. शेवंता पेटी घेऊन आत शिरली, दार लागले, आणि सोन्याच्या खाणीत सोने खाली जाऊ लागले.