वैनगंगेचा डोंगा

वडसाच्या नाटक मंडळीच्या ऑफिसात कोणी पोरगा पेटीचे सूर रेकॉर्ड करायला आलाय, एवढंच दिव्यानीच्या कानावर होतं. ती मंडळीची प्रॉम्प्टर. विंगेत बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवायची. पोरानं आपलं नाव आदेश सांगितलं, मोबाईलचा गेम करतो म्हणाला, अन् तिनं हातातला चहा खाली ठेवला.

"जंगलवाटवाला आदेश? चार वर्षं झाली, मी तुह्या नदीकाठी उभी आहे... डोंगा कधी येते?"

बिचाऱ्याचे कान लाल झाले. लोकांकडून वर्गणी जमवून त्यानं 'जंगलवाट' हा गेम सुरू केला होता, अन् वर्गणी देणाऱ्यांत ही एक. गेम मिळाला तो अर्धाच. त्यातली पोरगी जंगल तुडवत वैनगंगेशी पोचते, अन् पार नेणाऱ्या डोंग्याच्या जागी पाटी – 'काम चालू आहे'. का, तर पाणी अजून खऱ्यासारखं हलत नाही!

मग पाणी न्याहाळायला स्वारी दर आठवड्याला वडसाला येऊ लागली. नदी त्याच्या गावालाही होती. दिव्यानीनं ते मुद्दाम विचारलं नाही. घाटावर भजी खाताना तो तिच्याकडे बघायचा, तोंड उघडायचा... अन् लाटांबद्दल बोलायचा. तिचा जीव तर केव्हाच जडला होता. पण गेमचं झालं तेच आपलंही होणार, ही धास्ती तिला खाऊ लागली.

शेवटी तिनंच पदर खोचला.

"आमच्यात मंडईच्या जत्रेची तारीख ठरली का पडदा उघडतेच. तिसरा अंक पाठ असो का नसो. तुह्या गावच्या मंडईत आमचं नाटक आहे. त्या दिवशी डोंगा पाह्यजे. नाई आला, तर मी काठावरून उठली समज."

ती हसत नव्हती.

मंडईच्या दुपारी स्टेज बांधणं चालू असताना तो आला, डोळे तारवटलेले. फोन तिच्या हाती दिला. डोंगा आला होता! पाणी अगदीच बेंगरूळ हलत होतं. डोंग्यात आदेशसारखाच चौकड्याच्या शर्टातला एक जण, अन् त्याच्या बाजूची जागा रिकामी.

दिव्यानीचे डोळे भरून आले. तरी तिनं फोन परत केला. "हे गेममधलं झालं. आता तोंडानं बोल."

अडलेला नट विंगेकडे बघतो तसं त्यानं तिच्याकडे बघितलं. साऱ्या जगाला वाक्यं पुरवणाऱ्या त्या बयेनं ओठ घट्ट मिटून घेतले.

"थांब... जरा जमवून सांगतो..."

ती पाठ फिरवून चालू लागली.

"मले तू पाह्यजे," तो एका दमात बोलून गेला. "जन्मभर. ...बरोबर नाई आलं ना?"

"नाई," ती वळून म्हणाली, अन् तिनं त्याचा हात धरला. "आता बस जन्मभर दुरुस्त करत."