ऑर्व्हिलचा मोजा

बस अशी. दिवा असू दे. हा मोजा पाहिलास? याची गाठ सोडते आणि इथे दिव्यापाशी ठेवते. आता ऐक.

त्या दुपारी मी घरातून निघाले ती लपायला. हसू नकोस. आमच्या शहराच्या पोलिसांत माणसं शोधणाऱ्या कुत्र्यांचं पथक आहे, आणि त्या कुत्र्यांना शिकवायचं तर कुणीतरी हरवावं लागतं. ते काम आम्हा बिनपगारी म्हाताऱ्यांचं. जन्मभर शाळेची बस चालवली, आता पोलिसांसाठी कपाटात बसते.

मला हे शिकवलं ऑर्व्हिल हासनं. तो पोस्टमन होता. म्हणायचा, "उभा जन्म कुत्र्यांपासून पळालो व्हर्ना, आता त्यांचीच वाट बघत बसतो." नियम त्याचेच. हलायचं नाही, बोलायचं नाही, कुत्रा येतोच. आणि कुत्रा भुंकला की शाबासकी लपणाऱ्यानंच द्यायची, दुसऱ्या कुणी नाही. आम्ही चेंडू द्यायचो. हा मात्र राखाडी लोकरी मोज्याला गाठ मारून द्यायचा, मग दोघांची ओढाओढ चालायची. मोज्याला त्याच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचा वास असे. वसंतात तो गेला. मी स्वतः तो मोजा त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला, आणि माझ्यासमोर शवपेटी बंद झाली.

नोव्हेंबरात पिकलची परीक्षा आली. पिकल म्हणजे पथकातला सगळ्यात वेंधळा कुत्रा. आधी नापास झालेला. या खेपेला आपटला असता तर त्याला परगावी देऊन टाकणार होते. त्याला सांभाळणारी रेनिटा कोल्स, चांगली उंचपुरी शिपाई पोरगी, पण सकाळपासून तिच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. बाकीचं पथक, घोडेस्वार, पाणबुडे, सगळे सरोवराच्या काठी होते. डेल्फीन आर्चर नावाची विसरभोळी आजी आदल्या संध्याकाळपासून बेपत्ता होती. खऱ्या शोधाला नापास कुत्रा नेत नाहीत, म्हणून आम्ही इकडे.

"मिस व्हर्ना, नीट लपा हं," रेनिटा म्हणाली. "पण फार नीट नको."

"पोरी, माझे गुडघे वाजतात. बहिऱ्यालासुद्धा सापडेन मी."

परीक्षेची जागा होती एक जुनी लाँड्री. कधीकाळी सगळ्या इस्पितळांच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या, आता ती ओस पडली होती. मी आतल्या खोलीतल्या कपाटात शिरले आणि दार ओढून घेतलं. काळोख. ओल. इतक्या वर्षांनीही साबणाचा वास. कुठेतरी थेंब पडत होता. मग लांबून पिकलच्या नख्या वाजल्या... जवळ आल्या... आणि माझ्या दारावरून तो सरळ शेजारच्या खोलीत गेला.

तिथे तो भुंकायला लागला. माणूस सापडल्यावर भुंकतात तसा, सारखा.

आणि कुणीतरी हळूच म्हणालं, "शाब्बास रे राजा..."

पाठोपाठ ओढाओढ. लाडात आलेल्या कुत्र्याची गुरगुर. कपाटाच्या फटीतून पेपरमिंटचा वास आला. मनाची समजूत घातली, परीक्षा घेणाऱ्या सार्जंटनं दुसरा माणूस लपवला असेल, परीक्षेत करतात कधीकधी तसं. नियम म्हणजे नियम. तोंड मिटून बसले.

थोड्या वेळानं सार्जंट लुंडबर्गचा आवाज आला. "खोली रिकामी आहे. उगाच भुंकला. नापास."

ते मला सहन होईना. मी धडपडत बाहेर आले.

"सार्जंट, त्याच्याशी बोलत कोण होतं?"

"कोणी नाही. लपलेल्या तुम्ही एकट्याच."

"मग त्याला शाबासकी कुणी दिली?"

सार्जंटनं विजेरी पिकलवर धरली. तो कोपऱ्यात, कपडे वाहायच्या जुन्या गाड्यांपाशी उभा होता. तोंडात राखाडी मोजा. गाठ मारलेला... लाळेनं ओला.

रेनिटानं गाड्या ओढायला सुरुवात केली, मग आम्हीही. मागे जमिनीची फळी मोडलेली होती, खाली वाफेच्या नळांची खाच. त्या खाचेत डेल्फीन आर्चर पडली होती. ओठ निळे, पाय मुडपलेला, पण डोळे उघडे. तरुणपणी ती इथेच इस्त्रीला होती. आदल्या संध्याकाळी कामावर म्हणून आली होती बिचारी.

"आजी, हाक का नाही मारलीत?" रेनिटा रडत होती.

"पोस्टमननं नको म्हटलं ना," आजी म्हणाली. "रात्रभर माझ्यापाशी बसला होता. म्हणाला, हलू नका, बोलू नका... कुत्रा येतोच."

सार्जंटनं आपली टोपी काढली आणि त्याच टोपीनं पिकलला थोपटलं. पिकल पास. आता आर्चरबाई काठी टेकत सरावाला येतात आणि त्याला कोंबडीचे तुकडे भरवतात. तो अजून वेंधळाच आहे, पण रेनिटाजवळ आहे.

मोजा माझ्याकडे राहिला. मी गाठ सोडते, धुते, वाळत घालते. सरावाची वेळ आली की... जाऊ दे, तूच बघ. उद्या सराव आहे. मघापासून मी जागची उठले नाही, तूही नाहीस.

हात लाव त्या गाठीला. अजून ओली आहे ना?