काळ्या पट्टीची जागा

सोमवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आवाज जागेवर आला. ताईने हॉर्नची कळ दाबली आणि हॉर्न त्याच क्षणी वाजला. तिने आणखी चार वेळा दाबून पाहिलं, वहीत वेळ लिहिली, पुढे ‘आवाज – ठीक’ असं लिहिलं आणि थंड झालेला चहा संपवला.

ताईचा धंदा जुने कॉम्प्युटर गेम नव्या कॉम्प्युटरवर चालवून देण्याचा होता. बाजाराच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन टेबलं, पाच पडदे आणि वायरींचं एक खोकं एवढाच पसारा. गिऱ्हाइकं बहुतेक चाळिशी ओलांडलेली. लहानपणी खेळलेला गेम हवा असतो, तो मिळतोही, पण चित्र एका कोपऱ्यात आक्रसून बसतं, रंग पिवळट येतात, आवाज तरी फाटतो नाहीतर मागे राहतो. मग शोधत शोधत लोक इथवर येतात. ताईचा नियम एकच होता. एका वेळी एकच बदल करायचा, तो वहीत वेळेसकट लिहायचा आणि परिणाम बघितल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दहा गोष्टी एकदम बदलून गेम चालू झाला तर तो कशाने झाला ते देवालाही सांगता येत नाही, असं ती म्हणायची.

हे काम मात्र गिऱ्हाइकाचं नव्हतं, घरचं होतं. धाकट्या भावाने कपाट आवरताना सापडलेली एक फ्लॉपी पाठवून दिली होती. घाटातून मालाचा ट्रक न्यायचा, एवढाच तो गेम. लहानपणी दोघं एकाच कीबोर्डवर खेळायचे. ताईकडे स्टिअरिंग, भावाकडे हॉर्न. हॉर्नची कळ बिघडली की तो तोंडाने वाजवायचा, आणि तोही असा की शेजारचे दार ठोठावायचे. तेव्हापासून घरात त्याला भोंगा म्हणत. पुढे तो बसचा ड्रायव्हर झाला तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

सतरा वर्षं त्याने बस चालवली. सहा महिन्यांपूर्वी डोक्यात एक लहानशी गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणं वाचलं. पण डावीकडचं दिसेना. नाकाच्या डावीकडे काही अंतरावर जग संपायचं आणि तिथून पुढे काळं. शिवाय आवाज उशिरा येतो, असं तो म्हणायचा. माणूस ओठ हलवतो, शब्द मागून येतात. कप टेबलावर ठेवला की तो टेकल्याचा आवाज पाव-अर्ध्या क्षणाने. डॉक्टरांनी कान तपासले, कान उत्तम होते. काहींना असं होतं, म्हणाले. नजरेबद्दल मात्र स्पष्ट सांगितलं: सहा महिन्यांत जे परत यायचं ते येतं, नंतर आशा धरू नये.

सहा महिने गुरुवारी संपत होते. गुरुवारीच आगाराच्या डॉक्टरांची तपासणी होती. तीत नापास झाला तर स्टिअरिंग कायमचं सुटणार होतं. त्याला टायरच्या गोदामात नोंदी करायला बसवणार होते.

गेम सुरू झाला तेव्हा चित्र उजवीकडे सरकलेलं होतं आणि डावीकडे हातभर काळी पट्टी. आवाज मागे पडत होता. भावाचं दुखणंच पडद्यावर उतरलं होतं. पण जुन्या गेममध्ये हे दोन बिघाड शंभरात ऐंशी वेळा असतात, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. कॉम्प्युटर आवाज वाजवण्याआधी थोडा साठवून ठेवतो. हा साठा फार झाला की आवाज मागे राहतो. तिने साठा कमी केला. अकरा वीस.

अकरा चोवीसला भोंग्याचा फोन आला.

“ताई, हसू नकोस. आत्ता चमचा पडला.”

“बरं.”

“आणि पडला तेव्हाच वाजला.”

ताईने पडद्यावरच्या ट्रककडे पाहिलं.

“ऐकतेयस ना? ही बडबडतेय आणि ओठ नि शब्द बरोबर चाललेत. सहा महिने बरं होतं, हिची कटकट उशिरा पोचायची.”

मागून भावजयीचा आवाज आला, “सांगा त्यांना, म्हणावं आता सगळी बाकी वसूल करते.” आणि मग ती रडू लागल्याचा आवाज आला.

ताईने वही उघडली. अकरा वीसच्या खाली तिने अकरा चोवीस लिहिलं. पुढची जागा कोरी सोडली.

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी तिने चित्राला हात लावला. इथे थोडं सांगायला हवं. जुन्या गेमचं चित्र जवळपास चौकोनी असतं, नवे पडदे रुंद असतात. चौकोन रुंद चौकटीत ठेवला की जागा उरतेच, आणि उरलेली जागा काळी दिसते. गिऱ्हाइकांना ती नेहमी सांगायची, काळी पट्टी जात नाही हो, फक्त तिची जागा बदलता येते. सगळे करतात तेच तिने केलं. चित्र मधोमध आणलं. पट्टी दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी झाली. ट्रक घाटाच्या पहिल्या वळणावर, रस्त्याच्या कडेला उभा होता. इंजिनाची घरघर चालू होती.

दहा बाराला फोन वाजला. भावजय होती.

“ताई, हे खाली बसलेत. भिंतीला धरून.”

“काय झालं?”

“म्हणतात उजवीकडचंही गेलं. डावीकडे थोडं उजाडलं आणि उजवीकडे अंधारलं. किलकिल्या दारातून बघावं तसं दिसतंय म्हणतात. डॉक्टरांना बोलावू का?”

“पाच मिनिटं थांब,” ताई म्हणाली. “फोन ठेवू नकोस.”

तिने चित्र पुन्हा उजवीकडे सरकवलं. घाईत कळ दोनदा चुकली. पलीकडे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, मग भावाचा पुटपुटण्याचा आवाज, मग भावजय म्हणाली, “थांबलं. म्हणतात, होतं तसं झालं. डावीकडचंच नाहीये.”

“बरं झालं,” ताई म्हणाली आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय म्हणालो.

दुपारपर्यंत ती नुसती बसून होती. खाली गल्लीत कुणीतरी लोखंडी पत्रे उतरवत होतं. आपण शहाण्या बाई आहोत आणि भावाचे डोळे टेबलावर मांडून बसलोय, याची तिला लाज वाटत होती. पण हिशोब समोर होता. पट्टी डावीकडे ठेवली तर गुरुवारी नापास. दोन्हीकडे ठेवली तर दोन्ही आरसे गेले. चित्र ताणून पडदाभर पसरवलं तर पट्टी जाते, पण मग गोल चाकं लंबगोल होतात, रस्ता आहे त्याहून रुंद दिसतो. रस्ता रुंद दिसणाऱ्या माणसाच्या हाती पन्नास माणसांची बस देता येत नाही. उरला एकच मार्ग. चित्र मोठं करायचं, रुंदी भरू द्यायची आणि उंचीत जे मावणार नाही ते पडद्याबाहेर कापून टाकायचं. पण काय कापायचं?

तिने भावाला फोन लावला.

“एक विचारते. उगाचच.”

“उगाच तू काही विचारत नाहीस. बोल.”

“समज, बसच्या पुढच्या काचेची एक कड झाकायचीच आहे. कुठली झाकशील?”

“वरची,” तो लगेच म्हणाला. “त्यात विचार काय करायचा? वरच्या कडेला आम्ही स्वतःच पडदा ओढतो, उन्हाला. वर असतं काय? आभाळ. आभाळातून कुणी आडवं येत नाही.”

“नक्की?”

“ताई, सतरा वर्षं मी वर बघितलेलं नाही. का विचारतेयस?”

“सहज.”

दुपारी बारा चाळीसला तिने चित्र रुंदीभर मोठं केलं आणि वरच्या अंगाने कापलं. डोंगरांचे शेंडे आणि ढग गेले. रस्ता, दरी, ट्रक, दोन्ही कडा पूर्ण दिसू लागल्या. या जुन्या सोयीत एक खोट होती. असा बदल गेम चालू असेपर्यंतच टिकतो, बंद केला की पुसला जातो. तिने वीज गेली तरी चालेल अशी बॅटरी जोडली, कीबोर्ड काढून कपाटावर ठेवला आणि फोन हातात घेऊन खुर्चीत बसली.

फोन वाजला. तिने विचारण्याआधी तो स्वतःच बोलला. आवाज भोंग्याचा नव्हता, अगदी बारीक होता.

“ताई. डावीकडे खिडकी आहे.”

“हं.”

“खिडकीत हिचा ओला टॉवेल आहे. निळा. हा कधीपासून आहे आपल्याकडे?”

ताईने फोन छातीशी धरला.

गुरुवारी तो पास झाला. आगाराच्या डॉक्टरांनी यंत्र बिघडलं समजून तपासणी दोनदा केली. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी जुने आणि नवे कागद शेजारी ठेवून पाहिले आणि म्हणाले, “हे मी कुणाला सांगितलं तर माझेच डोळे तपासतील.” पुढच्या सोमवारी तो बसवर चढला. पहिल्या फेरीला ताई आणि भावजय दोघी चढल्या, मुद्दाम डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसल्या. डावीकडून एक सायकलवाला घुसला तेव्हा भोंग्याने आरशात बघून वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं आणि मागे न वळता म्हणाला, “दिसला बरं का. तुम्ही दोघी श्वास घ्या आता.” भावजयीने ताईचा हात इतका दाबला की अंगठीचा वळ दोन दिवस राहिला. घर पुन्हा घरासारखं झालं. भावजय कामावर हसू लागली, रात्री झोपू लागली. ताईने कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? गेम दुरुस्त केला, एवढंच.

महिनाभराने सुट्टीच्या दिवशी तो तिच्या खोलीवर आला. ट्रक तिथेच, पहिल्या वळणावर उभा होता. घरघर चालू होती.

“बंद नाही करत हा?”

“बंद केला तर सगळं पुन्हा बसवावं लागेल.”

तो वाकून पडद्याकडे बघत राहिला. “छान झालंय. पण वरचा आकडा कापलास की गं.”

“कसला आकडा?”

“वर मधोमध असायचा तो. पांढरा. विसरलीस?”

विसरली नव्हती. आठवलंच नव्हतं इतके दिवस. ढगांच्या वर, अगदी कडेला, एक पांढरा आकडा असायचा.

“तो वेळ होता,” ती म्हणाली. “अगदी हळूहळू उतरत जायचा.”

“चल. गुण होते ते. चढायचा आकडा.”

“ट्रक उभा असला तरी तो हलायचा, भोंग्या. उभ्या ट्रकला गुण कोण देईल?”

“उभं राहण्याचेही देत असतील,” तो हसला. “तू कायम हरायचीस, म्हणून तुला सगळं उतरतानाच दिसायचं.”

तो गेल्यावर तिने ड्रॉवर उघडला. फ्लॉपी होती. दुसऱ्या कॉम्प्युटरवर गेम लावला असता तर आकडा चढतो की उतरतो ते मिनिटभरात कळलं असतं. तिने फ्लॉपी हातात घेतली, थोडा वेळ धरली, परत ठेवली. दुसरी प्रत चालू केली तर ती कुणाच्या डोळ्यांची असेल, हा प्रश्न वहीत लिहिण्यासारखा नव्हता. पहिल्या प्रतीचं चित्र क्षणभर खाली ओढून बघता आलं असतं. पण ते परत बसेलच याची खात्री कोण देणार?

मग तिने पडद्याच्या वरच्या कडेला डोळे नेले. भिंग घेतलं. आकडा कापताना तो पुरता कापला गेला नव्हता. सर्वांत खालची ठिपक्यांची एक ओळ राहिली होती. तेवढ्यावरून कुठला आकडा आहे ते कळत नव्हतं. पण ठिपके घोळक्याने होते, एका अंकाचा एक घोळका. किती अंकी आकडा आहे, तेवढं मोजता येत होतं. आकडा चढत असेल तर कधीतरी एक घोळका वाढेल, उतरत असेल तर एक कमी होईल.

चार घोळके होते. तिने वहीत लिहिलं: चार. आणि मग रोज सकाळी आल्या आल्या ती भिंग घेऊन मोजू लागली. चार. चार. चार. मोजून झालं की तिला हलकं वाटायचं, चहा ठेवायची, दिवसाच्या कामाला लागायची. असे तीन आठवडे गेले. एका शिक्षकाचा विमानाचा गेम तिने दोन दिवसांत नीट करून दिला. भोंग्याला आगारात चांगल्या चालकाचं प्रशस्तिपत्र मिळालं, ते त्याने चौकटीत लावून घेतलं, डावीकडच्या भिंतीवर.

आज बुधवार. आठ वाजून पन्नास मिनिटांनी त्याचा फोन आला होता. बस भरली होती, मागे कुणाचं तरी मूल रडत होतं, तो मजेत होता. “डोळे एक नंबर,” म्हणाला. “फक्त वर बघितलं की काही नसतं. पण वर बघायला वेळ कुणाला आहे?” आठ पंचावन्नला बस आगारातून सुटली.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ताईने भिंग लावलं. दोनदा मोजलं. काच पुसून तिसऱ्यांदा मोजलं.

तीन घोळके आहेत.