सतरा नंबरचं कुलूप

जरा जवळ सरका सगळे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मागाहून जमायचं नाही. ज्याच्यावर हे गुदरलं तो फिटर माझ्या रोजच्या बसण्याउठण्यातला आहे, आणि थापा मारणं त्याच्या रक्तात नाही.

त्याचे आजोबाही फिटर, वर फिटर युनियनचे सेक्रेटरी. एका नियमासाठी त्यांनी एकेचाळीस दिवस संप चालवला. नियम साधा. मशीनच्या पोटात शिरणाऱ्याने आधी खटका बंद करायचा आणि त्याला आपल्या नंबरचं कुलूप घालायचं. कुलूप दिसलं की समजायचं, माणूस आत आहे. ते काढणार फक्त तोच. आजोबांचा नंबर सतरा. म्हातारा गेला तेव्हा आजीने ते पितळी कुलूप किल्लीसकट त्याच्या खिशात ठेवलं आणि त्याला निरोप दिला.

नातू मात्र नाक मुरडायचा. म्हणायचा, 'आजोबांनी एवढ्याशा कुलपापायी घरावर तुळशीपत्र ठेवलं.'

गेल्या नोव्हेंबरातला मंगळवार. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. रंगाच्या कारखान्यातला मोठा मिक्सर अडकला म्हणून त्याला झोपेतून बोलावलं. घाईत त्याचं स्वतःचं कुलूप घरीच राहिलं. सुपरवायझर म्हणाला, 'पाच मिनिटांचं काम आहे. इथे कोण मरायला येतंय?' यालाही तेच हवं होतं. त्याने खटका खाली ओढला आणि शिडीने आत उतरला. सुपरवायझर चहाला गेला.

आत माणसाच्या उंचीची पाती. उजेड बॅटरीचा तेवढा. त्याने पाना लावला, आणि बाहेर पावलं वाजली.

'साहेब?'

पावलं खटक्यापाशी थांबली.

खट्.

कुणीतरी खटका वर ढकलत होतं. तो जिवाच्या आकांताने ओरडला. शिडी चार हात लांब... खट्... पुन्हा खट्...

पातं हललं नाही.

मग खोकला. कोरडा, दोनदा. लहानपणी रात्री मीटिंगहून परतलेले आजोबा दाराबाहेर खोकायचे, तसाच.

मग काहीच नाही...

तो शिडीने वर आला. खटक्यापाशी रात्रपाळीचा ऑपरेटर उभा, पांढराफटक. कानात आवाज रोखणारे बोळे. ते काढत म्हणाला, 'तू आत होतास? अरे, कुलूप नव्हतं. मी नीट बघितलं आणि मगच हात घातला. खटका उचलेना, म्हणून जोर लावला... तिसऱ्यांदा वाकून बघतो तर...'

पितळी कुलूप. त्यावर सतरा.

सात महिने झाले. मालकाने कुलूप कापायला करवत मागवली. एकाही फिटरने ती हातात घेतली नाही, आमच्या नातवाने तर नाहीच. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. मिक्सरचं झाकण त्याने स्वतः लावलं, आत तीनदा बॅटरी मारून. आत कुणी नव्हतं.

पण कुलूप अजून तिथेच आहे. म्हणजे नियमाने बघायचं तर... माणूस अजून आत आहे.