पहिली ओळ

वाघजाईवाडीच्या चारापेढीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक चारासाठ्याच्या, शिवारात कापलेलं गवत वाळलं, की ट्रॅक्टरला दाताळं जोडून ते ओळीनं गोळा करायचं काम सर्जेरावांचं. बाकीच्या ओळी ट्रॅक्टर उपग्रहाच्या भरवशावर आपल्या आपण ओढी. पण पहिली ओळ माणसानंच धरायची, ही गावाची रीत. यंत्र तीच ओळ गिरवत जाई. ती चुकली, की सगळं शिवार वाकडं. हा मान सर्जेरावांनी आजवर कुणाला दिला नव्हता.

यंदा ओळ नागमोडी आली. मागून गठ्ठे बांधायचं यंत्र घेऊन येणारी त्यांची सून ऋतुजा थांबली.

"मामा, ओळ डुलतीय. गवत यंत्रात एका अंगानं जातंय, गठ्ठा सैल बसतोय. सैल गठ्ठ्याला बुरशी धरंल."

"दाते वाकले असतील," म्हणत सर्जेराव खाली उतरले.

ट्रॅक्टरवर 'दोषज्ञ' नावाचा मुठीएवढा डबा होता. दाताळ्याच्या दात्यांपासून चालकाच्या सीटपर्यंत सगळी थरथर ऐकायची आणि बिघाड सांगायचा, एवढंच त्याचं काम.

"दाते सरळ आहेत," डबा म्हणाला.

"मग उजव्या टायरात हवा कमी असंल."

"दोन्ही टायर सारखे आहेत."

सर्जेरावांनी दाताळं बोटभर उचललं. दाते माती ओढत असतील, असा त्यांचा होरा. मग वेग कमी करून कडेनं एक फेरी मारली. ओळ पुन्हा वाकडीच. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी आयुष्यभर नवशिक्यांना ऐकवलं होतं. आज त्यांनीच अंगणाची झडती चालवली होती.

"दोष दाताळ्यात नाही," डबा म्हणाला. यंत्राला कुठली आलीय भीड. "स्टिअरिंगवरच्या डाव्या हाताला कंप आहे. गेल्या हंगामातही होता, पण कमी. डॉक्टरांना दाखवा."

"मग तवाच का नाही बोललास?"

"तेव्हा ओळ सरळ होती. कुणी विचारलं नाही."

सर्जेरावांनी डावा हात खिशात घातला. बशीतला चहा सांडायला लागला तेव्हापासून ते पेल्यातून पीत होते. म्हणजे त्यांना ठाऊक होतंच. ते घाबरले होते. दुखण्याला कमी आणि जागा सुटण्याला जास्त.

"यापुढं नुसता ऐकत बसू नकोस. माणसाला विचारत जा, सांगू का म्हणून," ते डब्याला म्हणाले.

"मामा, दाते वाकले होते असं पेढीला कळवू का?" ऋतुजानं हळूच विचारलं.

"कळव की. म्हंजे ओळ मीच धरत राहीन. पण बुरशीचा गठ्ठा खाऊन गाय आजारी पडली, तर तिला काय सांगशील?" सर्जेराव बाजूला झाले. "बस वर. चाकाकडं बघायचं नाही. पल्याडच्या बांधावरली बाभळ धर आणि चल."

ती बसली. ट्रॅक्टर निघाला. मागं गवताची ओळ ताणलेल्या सुतळीगत सरळ पडत गेली. सर्जेराव बघत उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. खिशातला हात थरथरतच होता.

बाभळीपाशी ऋतुजा वळणार, एवढ्यात डबा बोलला.

"ओळ सरळ आहे. चालक नवीन आहे. चालकाच्या शरीराबद्दल एक नोंद आहे."

ऋतुजाचा पाय ब्रेकवर गेला. लांबवर मामा तिला हातानं पुढं चल म्हणत होते.

"सांगू का?" डब्यानं विचारलं.